४८ मतांचा फरक आणि फेरमोजणी मागायची ती पाच मिनिटं

पक्या_तालुक्याचा

मंडळी, हा धागा काढू की नको असं दोन महिने चाललं होतं, कारण काढला की लोक म्हणणार बघा हरला आणि आता रडत बसलाय. पण परवा चुलत्यांच्या वर्षश्राद्धाला सगळी भावकी जमली, पंगतीत पुन्हा तोच विषय निघाला, म्हटलं एकदाचं लिहून टाकू.

तर आमच्या गावात ग्रामपंचायतीची पोटनिवडणूक लागली होती. एकच वॉर्ड, एकच जागा, दोन बूथ. चुलतभाऊ उभा आणि मी त्याचा काउंटिंग एजंट. मोजणी तालुक्याला एका गोदामात. जाळीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे टेबल, टेबलावर मतदान यंत्राचं कंट्रोल युनिट. आधीच्या गावांचे निकाल लागत होते, बाहेर हलगी आणि फटाके, आत पत्र्याखाली नुसती भट्टी आणि वरून पंख्याचा खडखडाट. कर्मचाऱ्याने बटण दाबलं, डिस्प्ले आमच्याकडे फिरवला, पण ते आकडे बारीक आणि माझा चष्मा घामाने धूसर झालेला, त्यामुळे तो तोंडाने सांगत होता तेच मी वहीत उतरवत गेलो. दुसऱ्या बूथवर समोरच्याला मी लिहिलं १७९. थोड्या वेळाने साहेबांनी बेरीज वाचून दाखवली, आमची ३५७ आणि समोरच्याची ३६०. माझ्या वहीत समोरच्याची ३५०. म्हणजे वहीप्रमाणे आम्ही ७ ने आलोय आणि त्यांच्या कागदावर ३ ने पडलोय!

मी ओरडलो, साहेब चुकलंय. साहेब म्हणाले काय चुकलंय ते लेखी द्या. आता लेखी द्यायचं तर कोरा कागद नाही, आणि मतदानाच्या दिवशी केंद्राध्यक्षांनी दिलेला मतांच्या हिशेबाचा कागद राहिला गाडीच्या डिकीत. गाडी पेट्रोलपंपाच्या पलीकडे, कारण पोलिसांनी तिथूनच अडवलेलं. पळत गेलो, कागद काढला, पळत आलो, गेटवर पुन्हा पास दाखवा, पुन्हा खिसे तपासा. आत पोचलो तर सही झालेली, साहेब पुढच्या गावाच्या मशीनचं सील बघतायत. बाहेर आलो तर समोरच्यांचा गुलाल माझ्याच शर्टावर.

याला चौदा महिने झाले. चुलतभावाची आणि समोरच्याची शेतं बांधाला बांध लागून, पण तेव्हापासून बोलणं बंद ते बंदच. कॅनॉलच्या पाण्याची पाळी सुद्धा तिसऱ्या माणसाकडून कळवतात.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे २०२४ च्या लोकसभेचा मुंबई उत्तर पश्चिमचा निकाल पुन्हा वाचत होतो. मशीनच्या मोजणीत अमोल कीर्तिकर ४,५१,०९५ आणि रवींद्र वायकर ४,५१,०९४. साडेचार-साडेचार लाखांत एका मताचा फरक! मग टपाली मतं, त्यात वायकर १,५५० आणि कीर्तिकर १,५०१. झालं, वायकर ४८ ने खासदार. बाद ठरवलेली १११ टपाली मतं पुन्हा तपासली गेली पण निकाल तोच राहिला. प्रकरण हायकोर्टात गेलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये कीर्तिकरांची याचिका फेटाळली गेली.

माझा प्रश्न साधा आहे. एवढ्या कमी फरकावर आपोआप फेरमोजणी का होत नाही? मागावी का लागते? आणि मागणारा लगेच रडका कसा काय ठरतो?

चहात_खारी

रडीचा डाव. पडलात ते पडलात, पुढच्या पंचवार्षिकला या. हलकेच घ्या.

गिरगावकर_जुना

पक्या भाऊ, ३ मतांनी पडलात म्हणून रडताय, आमच्याकडे शून्याने पडलेत. २०१७ ची मुंबई महापालिका, वॉर्ड २२०. शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर आणि भाजपचे अतुल शहा, दोघांनाही ५,९४६. पुन्हा तपासलं तरी ५,९४६. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या आणि शहा नगरसेवक झाले. त्या वेळी सेना ८४ आणि भाजप ८२ असं घासून चाललेलं, म्हणजे एकेका जागेला सोन्याचा भाव. आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावरचे एक काका त्या दिवशी लोणावळ्याला गेले होते, मत दिलंच नव्हतं. त्यांचा पक्ष कुठला ते सगळ्यांना माहीत. आजही नळावर टोमणे खातायत बिचारे.

वकील_पण_साधा

धागाकर्त्याच्या प्रश्नाचं उत्तर देतो. जरा लांबेल.

आधी हे की आपल्याकडे लोकसभा-विधानसभेला फरक इतका कमी असेल तर फेरमोजणी झालीच पाहिजे असा नियम नाही. एकच गोष्ट सक्तीची, जिंकण्याचा फरक बाद टपाली मतांपेक्षा कमी असेल तर ती सगळी बाद मतं पुन्हा तपासायची. उत्तर पश्चिमला ती झाली. बाकी सगळं मागण्यावर. १९६१ चे निवडणूक नियम, त्यातला ६३ वा. निर्णय अधिकाऱ्याने सगळ्यांची एकूण मतं जाहीर केली की उमेदवाराने किंवा त्याच्या प्रतिनिधीने लेखी अर्ज द्यायचा, का हवी ते कारणासकट. अधिकारी पूर्ण मान्य करेल, थोडी मान्य करेल, नाहीतर वायफळ आहे म्हणून फेटाळेल, पण जे करेल ते कारणं लिहून करायचं. आणि एकदा का निकालपत्रकावर सही झाली की संपलं, त्यानंतर अर्ज घेताच येत नाही. म्हणजे पक्याची ती पाच मिनिटं कायद्यातच आहेत. ग्रामपंचायतीचे नियम वेगळे, राज्य निवडणूक आयोगाचे, पण तऱ्हा हीच.

मग कोर्ट. लोकसभा-विधानसभेला हायकोर्टात ४५ दिवसांत याचिका. ग्रामपंचायतीला दिवाणी न्यायाधीशाकडे, आणि तिथे मुदत फक्त १५ दिवस! गावाकडे निम्म्या लोकांना हे सोळाव्या दिवशी कळतं. माझ्याकडे दर निवडणुकीनंतर दोनतीन जण येतात, सगळे विसाव्या दिवसानंतर, आणि येताना पुरावा म्हणून व्हॉट्सअपचे स्क्रीनशॉट आणतात.

आणि कोर्टात गेलं की पेट्या उघडतात असंही नाही. मतदानाची गुप्तता आहे, म्हणून नुसत्या संशयावर मतपत्रिका बघू देणार नाही हे सुप्रीम कोर्टाने १९६४ पासून सांगितलेलं आहे. नेमकं कुठल्या टेबलावर, कुठल्या आकड्यात, किती मतांची चूक ते मांडावं लागतं. ते मांडायला कागद लागतो. आणि कागद डिकीत असतो.

पण मिळतं कधी कधी. गुजरातमधलं ढोलका बघा. २०१७ ला भूपेंद्रसिंह चुडासमा ३२७ मतांनी आले, पुढे मंत्रीही होते. ४२९ टपाली मतं मोजणीच्या वेळी चुकीच्या पद्धतीने बाद केली असं म्हणत हायकोर्टाने मे २०२० मध्ये निवडणूकच रद्द केली. बाद मतं फरकापेक्षा जास्त, सगळी मेख तिथेच. अर्थात सुप्रीम कोर्टाने काही दिवसांतच स्थगिती दिली आणि ते मंत्रिपदावर राहिले. आणि तारखा बघा, डिसेंबर २०१७ चा निकाल आणि मे २०२० चा निवाडा.

नको_ते_मशीन

कशाची फेरमोजणी आणि काय. मशीनमध्ये बटण पुन्हा दाबलं की तोच आकडा पुन्हा दिसणार, याला फेरमोजणी म्हणतात का? कॅल्क्युलेटरवर बरोबरचं चिन्ह दोनदा दाबण्यासारखं आहे हे. खरी मोजणी म्हणजे व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत दिल्यावर छापून डब्यात पडतात त्या, सगळ्या चिठ्ठ्या मोजा. त्या आहेत ना डब्यात पडलेल्या? मग मोजायला काय धाड भरलीय? पण नाही, प्रत्येक विधानसभा क्षेत्रात फक्त पाच मशीनच्या मोजतात. सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीच्या लोकांनी स्वतः बॅलटवर पुन्हा मतदान घेऊन बघू म्हटलं तर जमावबंदी. आणि मुंबईत तर ओटीपीने मशीन उघडलं म्हणे.

वकील_पण_साधा

ओटीपीचं तेवढं सोडा राव. ती बातमी ज्या पेपरने दिली त्यानेच नंतर चूक झाली म्हणून छापलं. मशीनला ना सिम ना नेट, ओटीपी येणार कुठे, पोस्टाने?

बाकी पाच मशीनचं बरोबर आहे, ते २०१९ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने, त्याआधी एकच होतं. सगळ्या चिठ्ठ्या मोजा ही मागणी कोर्टाने २६ एप्रिल २०२४ ला नाकारली. पण त्याच निकालात दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला सात दिवसांत अर्ज करून पाच टक्के मशीनची तपासणी मागता येते. खर्च अर्जदाराचा, २०२४ ला एका संचाला ४० हजार अधिक जीएसटी, म्हणजे ४७,२०० होता. गडबड निघाली तर पैसे परत. आता ही रक्कम कुणाला परवडते आणि कुणाला नाही ते तुम्हीच ठरवा. मला स्वतःला ती जास्त वाटते.

सोलापुरी_चादर

मारकडवाडी आमच्या जिल्ह्यातली म्हणून दोन शब्द. विधानसभेला गावात भाजपचे राम सातपुते १,००३ आणि शरद पवार गटाचे उत्तम जानकर ८४३ असा आकडा आला, गाव म्हणालं हे शक्यच नाही. गंमत अशी की माळशिरस मतदारसंघात जानकर १३,१४७ ने जिंकलेलेच होते! म्हणजे जिंकलेल्याचे लोक फेरमतदान मागत होते, तेव्हा रडीचा डाव म्हणायची पण सोय नाही. ३ डिसेंबर २०२४ ला मांडव वगैरे सगळी तयारी होती, मग पोलीस आले आणि रद्द झालं.

मला तो मार्ग पटला नव्हता हेही सांगतो. आपण पुन्हा मत द्यायला गेलो आणि शेजारी कोण कुणाला देतो हे अख्खं गाव टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर बघतंय म्हटल्यावर गुप्त मतदान कसलं ते. पण लोकांना तिथपर्यंत जावंसं वाटलं, हे नुसतं हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

ड्युटीवाली_बाई

मी शिक्षिका. तीन वेळा मोजणीची ड्युटी केली आहे, त्यामुळे जाळीच्या पलीकडून कसं दिसतं ते सांगते.

पहाटे साडेतीनला घरातून निघायचं. कुठलं टेबल मिळणार ते पहाटे पाचच्या सुमारास तिथेच कळतं, तोवर कुणालाच माहीत नसतं. मोबाइल काढून घेतात. एका विधानसभा क्षेत्राला साधारण चौदा टेबलं, सुरुवात टपाली मतांपासून. मशीन आलं की सील आणि नंबर एजंटांना दाखवायचे, मग एकूण मतं बघायची, केंद्राध्यक्षांच्या १७ सी मधल्या, म्हणजे मतांच्या हिशेबाच्या कागदातल्या, आकड्याशी जुळली की मगच निकालाचं बटण. न जुळलेलं किंवा चाचणीची मतं न पुसलेलं मशीन बाजूला. फरक त्या मशीनमधल्या मतांपेक्षा मोठा असेल तर ते उघडावंही लागत नाही. आणि चिठ्ठ्या आणि मशीन यांच्यात फरक आला तर चिठ्ठ्यांचा आकडा धरायचा असा नियम आहे, हे नको_ते_मशीन यांच्या माहितीसाठी.

चिठ्ठ्या मोजायला तर बँकेतल्या कॅशियरसारखा जाळीचा पिंजरा करतात. त्यात आम्ही बसायचं, चिन्हाप्रमाणे खण, पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे. कागद ब्लाऊजच्या बिलाएवढा, गुळगुळीत, एकाला एक चिकटतो. पंखा लावला तर उडतो, बंद केला तर घामाने बोटाला येतो. बाहेरून वीस डोळे तुमच्या बोटांकडे. एक गठ्ठा माझ्याकडून चोवीसचा झाला होता, आणि ते कुठल्याशा पक्षाच्या बावीस-तेवीस वर्षांच्या पोराने बाहेरून पकडलं. मला राग आला आधी, सांगते ना खरं. पुन्हा मोजले, चोवीसच. पोरगं म्हणालं मॅडम घाई नका करू, आम्हाला काही घाई नाहीये. मग मलाच हायसं वाटलं.

आणि पक्या दादा, आमच्या साहेबांनी सांगून ठेवलं होतं की आकडा शब्दात वाचायचा नाही, एकेक अंक वाचायचा. एकशे एकोणनव्वद म्हणायचं नाही, एक, आठ, नऊ म्हणायचं. मराठी एकोण मुळे फार घोळ होतात.

बालभारतीचा_पुतळा

अवांतर: २०१९ ला बालभारतीने दुसरीच्या गणितात एकवीसला वीस एक, एकोणनव्वदला ऐंशी नऊ सुरू केलं तेव्हा अख्खा महाराष्ट्र हसला होता, मी पण. आज मोजणीच्या टेबलावरून त्यांची बाजू घ्यावी लागतेय, दिवस बघा.

मास्तर_निवृत्त

ड्युटीवाली ताईंना अनुमोदन. मी मतपत्रिकांच्या काळातला माणूस. तेव्हा मोजणी दोन दोन दिवस चालायची. पेट्या फोडायच्या, कुठल्या गावाने कुणाला दिलं ते कळू नये म्हणून सगळ्या मतपत्रिका मोठ्या ड्रममध्ये कालवायच्या, अगदी चिवडा कालवावा तशा, मग गठ्ठे, मग छाननी. खरी मारामारी संशयास्पद मतांवर. शिक्का दोन चिन्हांच्या मधल्या रेघेवर पडलेला. शिक्का मारला एकावर, घडी ओली असताना घातली आणि शाई उमटली दुसऱ्यावर. आता यात मूळ ठसा कुठला आणि उमटलेला कुठला? उमटलेला ठसा उलटा असतो, आरशातल्यासारखा. भिंग घेऊन बघायचो. एका आजीबाईंनी तर अंगठाच उठवला होता चिन्हावर, नेमका कुणाला द्यायचंय ते स्वच्छ कळत होतं, पण अंगठा म्हणजे मतदाराची ओळख, मत बाद. फार वाईट वाटलं होतं त्या दिवशी.

तेव्हा फेरमोजणीत आकडे खरंच बदलायचे. दोन गठ्ठ्यांत एक एक मत कमी-जास्त निघायचं, चुकून दुसऱ्याच्या ढिगात गेलेला गठ्ठा सापडायचा. त्यामुळे मागणाऱ्याला कुणी रडका म्हणत नसे, उलट चहा सांगत असत, कारण आता रात्र जाणार हे ठरलेलं.

पक्या, तुला एक विचारतो. पोटनिवडणूक, एकच जागा, म्हणजे एका मतदाराने एकदाच बटण दाबायचं. मग त्या बूथवर झालेलं मतदान आणि सगळ्या उमेदवारांची मतं अधिक नोटा, ही बेरीज जुळायलाच पाहिजे. तो डिकीतला कागद आहे का अजून? त्यावर त्या बूथचं एकूण मतदान असेल. आणि तुझ्या वहीत बाकीच्यांचे आकडे आहेत का? बेरीज कर आणि इथे टाक. चौदा महिन्यांत कुणी हे केलं कसं नाही?

पक्या_तालुक्याचा

मास्तर, खरं सांगायचं तर कुणीच केलं नाही. आम्ही १७९ आणि १८९ वरच अडून बसलो. कागद घरी आहे, रेशनकार्डाच्या पिशवीत. मी सध्या पुण्यात, शनिवारी गावी चाललोय, बघतो.

चहात_खारी

सस्पेन्स! पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

रिचमंडचा_बंड्या

तोवर इथली एक गोष्ट. मी व्हर्जिनियात राहतो. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये इथल्या विधानसभेची निवडणूक झाली, ९४ वा मतदारसंघ, न्यूपोर्ट न्यूज. रिपब्लिकन डेव्हिड यान्सी विरुद्ध डेमोक्रॅट शेली सायमंड्स. पहिल्या मोजणीत यान्सी १० ने पुढे. फेरमोजणी झाली तर सायमंड्स १ मताने विजयी! टीव्हीवर जल्लोष वगैरे. दुसऱ्या दिवशी तीन न्यायाधीशांसमोर एक मतपत्रिका आली. मतदाराने दोघांच्याही नावापुढचे गोल काळे केले होते, पण सायमंड्सच्या इथे एक तिरकी रेघ मारलेली. न्यायाधीश म्हणाले म्हणजे खोडलंय, मत यान्सीला. झाले दोघांचे ११,६०८. जानेवारीत दोन चिठ्ठ्या फोटोच्या रिळाच्या डब्यांत घातल्या, डबे एका चिनीमातीच्या भांड्यात, एक काढली, यान्सी. त्या एका जागेवर सभागृहाचं बहुमत ठरलं, ५१ विरुद्ध ४९. अख्ख्या जगाला अक्कल शिकवणाऱ्या देशात राज्याचं बहुमत रिळाच्या डब्यातून निघालं.

पण दोन वर्षांनी पुन्हा तेच दोघं उभे राहिले आणि सायमंड्स आल्या. मधल्या काळात दोघांच्या समर्थकांनी एकमेकांची डोकी फोडली नाहीत, कारण जे झालं ते सगळ्यांसमोर झालं. ती मतपत्रिका पेपरात छापून आली होती, रेघ ज्याने त्याने बघून घ्यावी.

जॉर्जियात २०२० ला अध्यक्षपदाची जवळपास ५० लाख मतं हाताने पुन्हा मोजली, तेव्हा फ्लॉइड काउंटीत अडीच हजारांच्या वर मतं मोजायची राहूनच गेलेली सापडली. निकाल बदलला नाही, पण सापडली ना.

पानिपतचा_पळपुटा

परदेशी कशाला जाता, हरियाणात बघा, आणि तेही पानिपत जिल्ह्यात. बुआना लाखू नावाचं गाव, नोव्हेंबर २०२२ ची सरपंचाची निवडणूक. आधी कुलदीप सिंह विजयी धरले गेले, मोहित कुमार म्हणे माझी मतं त्याच्या नावावर लिहिलीत. ६९ नंबरच्या बूथवर आकडे लिहिताना उलटापालट झाली होती. तो गडी खालच्या कोर्टात, हायकोर्टात, असं करत करत सुप्रीम कोर्टात पोचला. आणि कोर्टाने काय केलं, मशीनच दिल्लीला मागवली! एका बूथची नाही, सगळ्या बूथची. रजिस्ट्रारसमोर, दोन्ही बाजू बसवून, व्हिडिओ चालू ठेवून मोजली. मोहित कुमार १,०५१, कुलदीप सिंह १,०००. एकूण ३,७६७ मतं. ऑगस्ट २०२५ ला, म्हणजे पावणेतीन वर्षांनी, गडी सरपंच झाला. आपल्यासारखा घरी बसला नाही. बचेंगे तो और भी लडेंगे.

आणि नको_ते_मशीन साहेब, इथे बटण पुन्हा दाबल्यावरच सत्य बाहेर आलं बरं का. मशीन बरोबर होतं, लिहिणारा चुकला होता.

इतिहासाचा_किडा

दत्ताजी शिंदे बुराडी घाटावर पडले, पानिपतावर नाही. ते पानिपताच्या एक वर्ष आधी. बाकी चालू द्या.

नको_ते_मशीन

बुआना लाखूचं मान्य, ते मला माहीत नव्हतं. पण मग हे तर आणखीच वाईट की हो. एका सरपंचपदासाठी सुप्रीम कोर्टाला मशीन उघडायला लागत असेल तर खालच्यांनी काय केलं इतके दिवस? अर्ध्या तासाचं काम. आणि आपल्या नगरपालिकांना, ग्रामपंचायतींना तर व्हीव्हीपॅटपण नाही. २ डिसेंबर २०२५ ला नगरपालिकांचं मतदान झालं आणि मोजणी २१ ला. आमच्याकडे पोरं स्ट्राँगरूमबाहेर आळीपाळीने शेकोटी करून बसली होती. माझा पुतण्या त्यात. विश्वास नाही म्हणून बसली होती, हौस म्हणून नाही.

ड्युटीवाली_बाई

बसू देत की. मला तर बरं वाटतं कुणी बसलं की. काही झालं तर उद्या आमच्यावर कुणी बोट दाखवणार नाही. सगळ्यात वाईट म्हणजे दुपारी तीननंतर एजंटच निघून जातात, आपला पडतोय म्हटल्यावर जेवायला जातात ते येतच नाहीत, आणि संध्याकाळी फरक कमी झाला की पळत येऊन फेरमोजणी मागतात. तुमच्या समोर दाखवलेलं मशीन तुम्ही बघितलंच नाहीत, आता काय मागताय.

मांडवीचो_रापणकार

आमच्या गोंयांत मतदारसंघच एवढुसे की बोलायला नको. २०२२ ला सांत आंद्रेत वीरेश बोरकर ७६ मतांनी आले. पंचायतीला तर दोनतीन मतांवर निकाल लागतात, आणि कुठल्या घरातली ती दोन मतं हे सुद्धा लोक सांगतात.

पक्या_तालुक्याचा

मंडळी, गावी आलोय. रात्रीचे अकरा वाजलेत, ओसरीवर बसून लिहितोय.

कागद सापडला. दुसऱ्या बूथचं एकूण मतदान ४०२, केंद्राध्यक्षांची सही, आणि खाली माझीच सही. वही पण सापडली. दुसऱ्या बूथवर आमचे १७६, समोरचा १७९, तिसरा २८, नोटा ९. बेरीज ३९२. दहा मतं कमी.

मी तीनदा केली. मग मोबाइलवर केली. मग पुतणीला, ती सहावीत आहे, तिला करायला लावली. ३९२.

समोरच्याचे १८९ धरले की ४०२ बरोब्बर बसतात. पहिल्या बूथवरचे पण जुळवले, १८१, १७१, १३ आणि ६, एकूण ३७१, कागदावरही ३७१. म्हणजे तो माणूस एकशे एकोणनव्वद म्हणाला आणि मी एकशे एकोणऐंशी ऐकलं. हलगीत.

चौदा महिने आम्ही अख्ख्या गावाला सांगत होतो की आमच्यावर अन्याय झाला. साहेबांना पैसे पोचले असंही कुणीतरी म्हणालं होतं, मी नाही म्हणालो, पण गप्पही बसलो. त्या दिवशी साहेबांनी कंट्रोल युनिट पुन्हा एकदा दाखवलं असतं तर दोन मिनिटांत विषय संपला असता, हे मी अजूनही म्हणतो. मी कागद खिशात ठेवला असता तर साहेबांचीही गरज पडली नसती, हेही आहे.

मास्तर_निवृत्त

पक्या, इथे येऊन हे लिहिलंस, शाब्बास. भावाला सांगितलंस का? ते लवकर कर. आणि एकटा असताना सांग, पंगतीत नको.

वकील_पण_साधा

सोळाव्या दिवशीसुद्धा माझ्याकडे आला नाहीस ते बरं झालं. फी घेऊन हीच बेरीज मी केली असती.

पक्या_तालुक्याचा

सकाळी सांगितलं. गोठ्यात होता, धार काढत होता. वही आणि कागद दोन्ही नेले होते. त्याने हात पुसून स्वतः बेरीज केली, बोटांवर, सावकाश. मग म्हणाला, हलगी आपल्याच पोरांची होती रे ती, आधीच वाजवायला लागली होती. बराच वेळ काही बोलला नाही. मला वाटलं आता पेटतोय.

मग किटली उचलली आणि जाता जाता म्हणाला, उद्या पाण्याची पाळी आधी त्याची आहे का आपली, विचार त्याला. म्हटलं मी कशाला, तूच विचार. तर म्हणाला नंबर नाहीये त्याचा, डिलीट केला होता.

चहात_खारी

पक्या भाऊ, पहिला प्रतिसाद मागे घेतो. नंबर आहे ना तुझ्याकडे, दे त्याला. आणि चष्म्याचं बघ.